नियमावलीपलीकडचा निर्णय : सार्सची साथ (२००३) आणि महासंचालक ग्रो हार्लेम ब्रुंटलँड

सार्स या नव्या, जीवघेण्या श्वसनरोगाची साथ पसरत असताना २ एप्रिल २००३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जगभरच्या प्रवाशांना सल्ला दिला, की हाँगकाँग आणि चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात अत्यावश्यक कामाखेरीज जाऊ नये, प्रवास शक्यतो पुढे ढकलावा. एखाद्या साथीच्या आजारापायी ठरावीक प्रदेशाचे नाव घेऊन तिथे जाणे टाळा, असे इतक्या स्पष्ट शब्दांत सांगण्याची संघटनेच्या पंचावन्न वर्षांच्या इतिहासातील ही पहिलीच वेळ होती. असा सल्ला देण्याचा अधिकार महासंचालकांना कोणत्याही नियमाने स्पष्टपणे दिलेला नव्हता, त्यासाठी सभासद राष्ट्रांच्या आरोग्य सभेचा ठराव झालेला नव्हता, आणि ज्या देशाच्या प्रांताचे नाव घेतले गेले तो संघटनेचा एक बलाढ्य सभासद होता. तरीही सल्ला दिला गेला, विमान कंपन्यांनी आणि प्रवाशांनी तो मानला, आणि पुढे तीन महिन्यांत साथ थांबली.

हा निर्णय त्या पदामुळे शक्य झाला, की त्या पदावर बसलेल्या व्यक्तीमुळे, हे तपासणे हा या प्रकरण अभ्यासाचा हेतू आहे. माझे उत्तर असे, की पदाने संधी दिली आणि अधिकाऱ्यांनी तयारी पुरवली. पण नियम जिथे संपत होते तिथून पुढचे अंतर तत्कालीन महासंचालक ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या पूर्वायुष्याने आणि त्या वर्षीच्या एका विशिष्ट परिस्थितीने पार केले.

पदाची चौकट

संघटनेच्या घटनेत महासंचालकाचे वर्णन ‘प्रमुख तांत्रिक आणि प्रशासकीय अधिकारी’ असे केलेले आहे. कार्यकारी मंडळ नाव सुचवते, सर्व सभासद राष्ट्रांची जागतिक आरोग्य सभा नेमणूक करते, आणि मुदत पाच वर्षांची असते. महासंचालकांनी व कर्मचाऱ्यांनी कोणत्याही सरकारकडून आदेश मागू नयेत आणि स्वीकारूही नयेत, असे घटनेचे ३७ वे कलम सांगते. हे कलम महत्त्वाचे आहे, परंतु ते केवळ संरक्षण देते. एखाद्या सरकारला काही करायला भाग पाडण्याची शक्ती त्यातून मिळत नाही. शिवाय संघटनेची सहा विभागीय कार्यालये आहेत आणि तेथील संचालकांची निवड त्या त्या विभागातील राष्ट्रांच्या संमतीने होत असल्यामुळे जिनिव्हातील मुख्यालयाचा शब्द तिथे जसाच्या तसा चालेल याची खात्री नसते.

साथींच्या बाबतीत तर हात अधिकच बांधलेले होते. त्या वेळी लागू असलेली आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली १९६९ सालची होती आणि २००३ पर्यंत तिच्या कक्षेत फक्त पटकी, प्लेग आणि पीतज्वर हे तीनच आजार उरले होते. त्यांची खबर देण्याचे कर्तव्य सरकारांचे, आणि सरकारने दिलेली खबर हीच संघटनेच्या दृष्टीने अधिकृत खबर. एखादा नवाच आजार उद्भवला आणि सरकारने तो दडवला, तर या नियमावलीत त्यावर काहीही उपाय नव्हता.

सरकारे आजार का दडवतात, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले, आणि काही महिन्यांतच, १८९७ च्या आरंभी, केवळ प्लेगचा विचार करण्यासाठी व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय स्वच्छता परिषद भरली. मुंबईहून येणाऱ्या जहाजांची युरोपला धास्ती पडली होती. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगचे वृत्त आले, तेव्हाही अनेक देशांनी भारताशी विमानवाहतूक तोडली आणि भारतीय माल अडवला, वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारस केलेली नव्हती. खरे बोलणाऱ्या देशाला आर्थिक शिक्षा होते, हा धडा प्रत्येक व्यापारी राष्ट्राने त्यातून घेतला असणार. सुरतनंतर, १९९५ मध्ये, आरोग्य सभेने नियमावली सुधारण्याचे ठरवले खरे, पण आठ वर्षे उलटली तरी मसुदा पुढे सरकत नव्हता.

महासंचालकांची पार्श्वभूमी

ब्रुंटलँड यांचा जन्म २० एप्रिल १९३९ रोजी नॉर्वेत झाला. वडील गुडमुंड हार्लेम हे डॉक्टर होते आणि नॉर्वेच्या मंत्रिमंडळात आधी समाजकल्याण आणि नंतर संरक्षण खाते त्यांनी सांभाळले होते. म्हणजे वैद्यक आणि राज्यकारभार या दोन्ही गोष्टी त्यांनी घरातच जवळून पाहिल्या. त्यांनी १९६३ मध्ये ओस्लो येथे वैद्यकाची पदवी घेतली, १९६५ मध्ये हार्वर्ड येथे सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण पूर्ण केले, आणि पुढे शासकीय आरोग्य खात्यात व ओस्लोच्या शालेय आरोग्य सेवेत काम केले. १९७४ मध्ये त्या पर्यावरणमंत्री झाल्या. फेब्रुवारी १९८१ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, नॉर्वेच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, आणि नंतर १९८६ ते १९८९ व १९९० ते १९९६ असे आणखी दोनदा ते पद त्यांच्याकडे आले. त्यांच्या अध्यक्षतेखालील पर्यावरण व विकास आयोगाने १९८७ मध्ये दिलेल्या अहवालामुळे ‘शाश्वत विकास’ ही कल्पना जगभरच्या धोरणांत रुजली, हे बहुतेकांना ठाऊक असते.

या ओळखीत सार्सच्या दृष्टीने दोन प्रसंग मला विशेष महत्त्वाचे वाटतात, आणि ते सहसा सांगितले जात नाहीत. पहिला एप्रिल १९७७ मधला. उत्तर समुद्रातील एकोफिस्क तेलक्षेत्रात ‘ब्राव्हो’ फलाटावरची विहीर फुटली आणि सुमारे आठवडाभर तेल उसळत राहिले. पर्यावरणमंत्री असलेल्या ब्रुंटलँड यांना, तेल कधी थांबेल आणि किती पसरेल हे कोणालाच ठामपणे सांगता येत नसताना, पत्रकारांसमोर आणि जनतेसमोर उभे राहावे लागले. दुसरा प्रसंग १९८६ चा. चेर्नोबिल येथील अणुभट्टीचा स्फोट २६ एप्रिलला झाला, सोव्हिएत सरकारने सुरुवातीला मौन पाळले, आणि किरणोत्सारी पाऊस नॉर्वेच्या डोंगरांवर पडून सामी लोकांचे रेनडिअरचे कळप दूषित झाले. ब्रुंटलँड ९ मे रोजी, म्हणजे स्फोटानंतर दोन आठवड्यांच्या आत, पुन्हा पंतप्रधानपदी आल्या. शेजारच्या महासत्तेने दडवलेल्या माहितीची किंमत आपल्या नागरिकांना मोजावी लागते, हे त्यांनी राज्यकारभाराच्या खुर्चीतून पाहिले होते. या अनुभवाचा २००३ च्या निर्णयाशी संबंध जोडणे हा माझा निष्कर्ष आहे, पण तो ओढूनताणून जोडलेला आहे असे मला वाटत नाही.

जुलै १९९८ मध्ये त्या महासंचालक झाल्या. त्यांच्याआधी हिरोशी नाकाजिमा यांच्या कारकिर्दीत संघटनेची प्रतिष्ठा बरीच खालावली होती. ब्रुंटलँड यांनी आल्याआल्या खात्यांची फेररचना केली आणि संसर्गजन्य आजारांच्या विभागाची सूत्रे डॉ. डेव्हिड हेमन यांच्याकडे गेली. हेमन यांनी सत्तरच्या दशकात भारतात देवीनिर्मूलनाच्या मोहिमेत काम केले होते आणि १९७६ मध्ये झाईरमधील इबोलाच्या पहिल्या साथीच्या तपासातही ते होते. त्यांच्या विभागाने २००० मध्ये जगभरच्या प्रयोगशाळा व तज्ज्ञसंस्थांना जोडणारे साथप्रतिसादाचे जाळे उभे केले. हे जाळे आधीच उभे नसते, तर जिनिव्हातून कितीही धीट निवेदन निघाले असते तरी त्यामागे पुरावा उभा राहिला नसता. म्हणून सार्सच्या यशाचे श्रेय एकट्या ब्रुंटलँड यांना देणे चुकीचे ठरेल.

घटनाक्रम

ग्वांगडोंगमध्ये नोव्हेंबर २००२ पासून एका अनोळखी न्यूमोनियाचे रुग्ण आढळत होते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात इंटरनेटवरून बातम्या बाहेर पडू लागल्यावर ११ फेब्रुवारीला चीनने ३०५ रुग्ण आणि ५ मृत्यू झाल्याचे कळवले व साथ आटोक्यात येत असल्याची ग्वाही दिली. त्यानंतर दहा दिवसांनी ग्वांगडोंगमधील एक वयस्कर डॉक्टर, जे तिथल्या रुग्णांवर उपचार करत होते, हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात नवव्या मजल्यावर उतरले. ते आजारी होतेच. त्या मुक्कामात त्याच हॉटेलातील इतर पाहुण्यांना लागण झाली आणि त्या पाहुण्यांबरोबर आजार हनोई, सिंगापूर आणि टोरांटोला पोहोचला.

हनोईतील रुग्ण ज्यांनी पाहिला ते संघटनेचे तेथील अधिकारी डॉ. कार्लो उर्बानी. त्यांनी हा काहीतरी वेगळाच आजार असल्याचे ओळखले, विलगीकरण सुरू करवले, आणि व्हिएतनामच्या आरोग्य मंत्रालयाला बाहेरचे तज्ज्ञ बोलावण्यास राजी केले. लागण होऊन २९ मार्चला बँकॉकमध्ये त्यांचे निधन झाले; वय ४६. पुढे २८ एप्रिलला साथ आटोक्यात आल्याचे जाहीर झालेला पहिला देश व्हिएतनामच ठरला. या संपूर्ण प्रकरणात मला सर्वाधिक आदर वाटतो तो उर्बानी यांच्याविषयी, आणि महासंचालकांच्या निर्णयाचे मोजमाप करतानाही हे विसरता येत नाही, की जिनिव्हाला वेळेवर जे कळले ते त्यांच्यामुळे कळले.

१२ मार्चला संघटनेने जागतिक इशारा दिला. खरी कसोटी मात्र त्यानंतर तीन दिवसांनी लागली. सिंगापूरमधील सुरुवातीच्या रुग्णांवर उपचार केलेला एक डॉक्टर वैद्यकीय परिषदेसाठी न्यूयॉर्कला गेला होता. तिथे त्याला ताप आला आणि विमानात बसण्यापूर्वी त्याने ही लक्षणे सिंगापूरमधील सहकाऱ्याला कळवली. सिंगापूरच्या अधिकाऱ्यांनी ही बातमी भर रात्री जिनिव्हाला पोहोचवली, तेव्हा विमान आकाशात होते. ते फ्रँकफर्टला उतरले तेव्हा त्या डॉक्टरला आणि त्याच्याबरोबरच्या कुटुंबीयांना थेट रुग्णालयात विलग करण्यात आले. आजार आता विमानाने खंड ओलांडतो आहे, त्याचे कारण ठाऊक नाही, औषध नाही, लस नाही, आणि रुग्णालयांतील डॉक्टर-परिचारिकाच आजारी पडत आहेत, एवढेच त्या सकाळी हाताशी होते.

१५ मार्च हा शनिवार होता. त्या दिवशी हेमन आणि ब्रुंटलँड यांनी सल्लामसलत करून आजाराला ‘सार्स’ हे नाव दिले, त्याची लक्षणे जाहीर केली आणि प्रवासी व विमान कंपन्यांसाठी आणीबाणीची सूचना काढली. हा आजार आता साऱ्या जगाच्या आरोग्याला धोका आहे, असे ब्रुंटलँड यांच्या निवेदनात होते. सोमवारी, १७ मार्चला, अकरा प्रयोगशाळांचे जाळे कामाला लागले. एरवी एकमेकींच्या स्पर्धक असणाऱ्या या प्रयोगशाळा रोज दूरध्वनीवरून निष्कर्षांची देवाणघेवाण करत होत्या, आणि १६ एप्रिलला एक नवा कोरोना विषाणू हेच कारण असल्याचे निश्चित झाले. इराकवरील युद्ध २० मार्चला सुरू झाले, त्यामुळे जगाचे लक्ष दुसरीकडे असताना हे सारे घडत होते, याचीही नोंद घ्यायला हवी.

प्रवासविषयक सल्ल्याच्या रचनेत एक बारकावा आहे. २ एप्रिलचा सल्ला कोणत्याही सरकारला उद्देशून नव्हता. तो व्यक्तींना, प्रवाशांना उद्देशून होता. सीमा बंद करा असे सरकारांना सांगण्याचा अधिकार नसला, तरी आरोग्याविषयी माणसांना माहिती व सल्ला देण्यापासून संघटनेला कोणी अडवू शकत नव्हते. परिणाम मात्र एखाद्या निर्बंधाइतकाच झाला. अधिकाराच्या मर्यादेत राहून अधिकाराबाहेरचे फळ मिळवण्याची ही रीत अनुभवी राज्यकर्त्याची आहे.

चीनशी वागताना हीच गोष्ट अधिक उघडपणे दिसते. संघटनेच्या पथकाला ग्वांगडोंगला जाण्याची परवानगी एप्रिलच्या सुरुवातीलाच मिळाली, त्याआधी ते बीजिंगमध्ये ताटकळत होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ब्रुंटलँड जाहीरपणे म्हणाल्या, की संघटनेला आणि बाहेरच्या तज्ज्ञांना आधी येऊ दिले असते तर मदत झाली असती, आणि पुढच्या वेळी असे काही नवे व विचित्र दिसले तर आम्हाला लवकरात लवकर आत येऊ द्या. आंतरराष्ट्रीय सनदी भाषेत एखाद्या सभासद राष्ट्राला नाव घेऊन इतके बोलणे जवळजवळ अश्रुतपूर्व होते. त्याच सुमारास जियांग यानयोंग या लष्करी डॉक्टरांनी बीजिंगमधील रुग्णांचे आकडे लपवले जात असल्याचे पत्र लिहून उघड केले होते, आणि १६ एप्रिलला संघटनेच्या पथकानेही बीजिंगचे आकडे अपुरे असल्याचे सांगितले. २० एप्रिलला चीनने आरोग्यमंत्र्यांना आणि बीजिंगच्या महापौरांना दूर केले आणि बीजिंगमधील रुग्णसंख्या ३७ वरून एकदम ३३९ वर नेली. या बदलाचे श्रेय मुख्यतः त्या डॉक्टरांच्या धैर्याला आणि चिनी नेतृत्वाच्या निर्णयाला जाते. पण बाहेरून येणारा दबाव खासगी पत्रव्यवहारात न विरता सर्वांसमोर राहिला, हे महासंचालकांमुळे घडले. पंतप्रधान म्हणून इतर राष्ट्रप्रमुखांशी बरोबरीने बोलण्याची सवय असलेल्या व्यक्तीला जे जमले, ते संघटनेतच पायरी पायरीने वर चढलेल्या अधिकाऱ्याला तितक्या सहजपणे जमले असते असे मला वाटत नाही.

त्या वर्षीची विशिष्ट परिस्थिती म्हणून मी ज्याचा सुरुवातीला उल्लेख केला, ती ही : ऑगस्ट २००२ मध्येच ब्रुंटलँड यांनी दुसरी मुदत घेणार नसल्याचे जाहीर केले होते, आणि जानेवारी २००३ च्या अखेरीस कार्यकारी मंडळाने ली जोंग-वूक यांचे नाव उत्तराधिकारी म्हणून सुचवलेही होते. सार्स आला तेव्हा ब्रुंटलँड यांना कोणाचेही मत मागायचे नव्हते. चीनचे मत तर नव्हेच.

टोरांटोचा वाद

२३ एप्रिलला बीजिंग आणि शान्शी प्रांताबरोबर टोरांटोचेही नाव प्रवास टाळण्याच्या यादीत आले. निकष सर्वांना सारखेच होते : रुग्णांची संख्या, स्थानिक प्रसाराचे स्वरूप, आणि तिथून दुसऱ्या देशात आजार गेला आहे का. तरीही कॅनडात संतापाची लाट उसळली. ही संघटना कोण, असा सवाल टोरांटोच्या महापौरांनी दूरचित्रवाणीवर केला, आणि ओंटारिओचे आरोग्यमंत्री थेट जिनिव्हाला गेले. २९ एप्रिलला, अवघ्या सहा दिवसांत, सल्ला मागे घेत असल्याचे जाहीर झाले. नवे रुग्ण घटले आहेत, समाजातील प्रसार थांबून पुरेसे दिवस झाले आहेत आणि विमानतळावर तपासणी वाढवली जाईल, अशी कारणे देण्यात आली.

मे महिन्याच्या उत्तरार्धात टोरांटोतील रुग्णालयांत सार्सची दुसरी लाट आली. त्यामुळे मूळ सल्ला योग्य होता असे आपोआप सिद्ध होत नाही. कारण टोरांटोतील प्रसार मुख्यतः रुग्णालयांत होता आणि सामान्य प्रवाशाला असलेला धोका कमीच होता. सल्ला द्यायला नको होता, असे म्हणणाऱ्यांचे हे म्हणणे मला वजनदार वाटते. पण त्याहून गंभीर प्रश्न सल्ला मागे घेण्याच्या गतीविषयी आहे. हाँगकाँग आणि ग्वांगडोंगवरचा सल्ला उठायला २३ मे उजाडला आणि बीजिंगवरचा २४ जूनला उठला. तिथली रुग्णसंख्या कितीतरी अधिक होती हे खरे, परंतु मंत्र्यांचे शिष्टमंडळ येऊन गेल्यावर आठवड्याच्या आत निर्णय फिरतो, ही गोष्ट आशियातील देशांच्या नजरेतून सुटलेली नसणार. लिखित कार्यपद्धतीविना, व्यक्तीच्या विवेकावर चालणाऱ्या अधिकाराची ही दुसरी बाजू आहे : निर्णय योग्य असला तरी तो निःपक्षपाती होता हे सिद्ध करायला त्याच्याकडे कागद नसतो.

भारतातही त्या एप्रिलमध्ये गोव्यात आणि पुण्यात संशयित रुग्ण सापडल्याने घबराट पसरली होती आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत नमुन्यांची तपासणी सुरू झाली होती. संघटनेच्या अंतिम तक्त्यात भारताच्या नावावर ३ संभाव्य रुग्ण आहेत, मृत्यू एकही नाही. जगभरात ८,०९६ रुग्ण आणि ७७४ मृत्यू अशी नोंद झाली, आणि ५ जुलै २००३ रोजी संसर्गाची शेवटची साखळी तुटल्याचे संघटनेने जाहीर केले.

निर्णयाचे नियमात रूपांतर

मे २००३ च्या अखेरीस, साथ अजून पूर्ण ओसरलेली नसताना, आरोग्य सभेने ठराव करून सरकारी खबरीखेरीज इतर मार्गांनी मिळालेली माहितीही विचारात घेण्यास महासंचालकांना सांगितले. जे ब्रुंटलँड यांनी आधी करून दाखवले होते, त्याला सभासद राष्ट्रांनी नंतर संमती दिली. आठ वर्षे रखडलेला मसुदा मग दोन वर्षांत मार्गी लागला : नवी आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली २३ मे २००५ रोजी मंजूर झाली आणि १५ जून २००७ पासून लागू झाली. तिच्यात आजारांची ठरावीक यादी हाच कक्षेचा आधार राहिला नाही, गंभीर घटनेची खबर २४ तासांत देण्याचे बंधन आले, आणि ‘आंतरराष्ट्रीय चिंतेची सार्वजनिक आरोग्य आणीबाणी’ जाहीर करण्याचा अधिकार महासंचालकांना मिळाला. त्याबरोबर तज्ज्ञांच्या आणीबाणी समितीचा सल्ला घेण्याची पायरीही आली. पहिली अशी आणीबाणी एप्रिल २००९ मध्ये नव्या इन्फ्लुएन्झासाठी जाहीर झाली, आणि ती जाहीर करणाऱ्या महासंचालक मार्गारेट चॅन या २००३ मध्ये हाँगकाँगच्या आरोग्य संचालक होत्या, म्हणजे प्रवास-सल्ल्याची झळ त्यांनी दुसऱ्या बाजूने सोसली होती.

नियम आल्यानंतरही व्यक्तीचा प्रश्न संपला नाही. जानेवारी २०२० च्या २२ व २३ तारखांना आणीबाणी समितीत एकमत झाले नाही, तेव्हा महासंचालक टेड्रोस अधानोम गेब्रेयेसुस थांबले. २८ जानेवारीला ते बीजिंगला गेले आणि ३० जानेवारीला आणीबाणी जाहीर झाली. तेही माजी मंत्री, इथिओपियाचे आरोग्यमंत्री आणि नंतर परराष्ट्रमंत्री. राजकीय अनुभवात ब्रुंटलँड यांच्या जवळचे. जुलै २०२२ मध्ये, एमपॉक्सच्या (मंकीपॉक्सच्या) वेळी, समितीत पुन्हा एकमत नसताना त्याच टेड्रोस यांनी आणीबाणी जाहीर केली. त्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांची दुसऱ्या, म्हणजे शेवटच्या मुदतीसाठी निवड झालेली होती. दोन साथी निरनिराळ्या होत्या आणि दोन प्रसंगांतला सर्व फरक मुदतीने समजावता येणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु ब्रुंटलँड यांच्या प्रकरणाशेजारी हे प्रसंग ठेवले, की महासंचालकाला पुनर्निवडीची मुभा नसलेली एकच, थोडी मोठी मुदत द्यावी, असे मत बनते. त्यावरचा सर्वांत सबळ आक्षेप टोरांटोच्या प्रसंगातच आहे : ज्याला कोणाचे मत मागायचे नाही, त्याने चुकीचा निर्णय घेतला तर त्याला जाब विचारायचा कोणी, आणि आणीबाणी समितीची मते व कारणे संपूर्णपणे प्रसिद्ध करण्याचे बंधन घातल्याशिवाय या आक्षेपाला समाधानकारक उत्तर देता येणार नाही.